सहा मेगापिक्सेल पुरेत

मालवण,
१४ ऑक्टोबर २००७

मितेशदादा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी सगळं शेवटी लिहीन. आधी काम. मला एक कॅमेरा हवाय, डिजिटल एसएलआर, आणि तो तू निवडायचा आहेस. एवढी वर्षं फोर्टात कॅमेऱ्याच्या दुकानात उभा आहेस, त्याचा आम्हाला कधी उपयोग व्हायचा?

हिराआतेने आपल्या लेकाला अर्धंमुर्धं सांगितलं असेल. तिने सांगितलेलं अर्धं रडण्यात जातं, म्हणून मी पुन्हा लिहिते. २ तारखेला पहाटे बाबा आणि आमचा प्रितेश जाळी काढायला गेले, तर जाळ्यांवरून एक ट्रॉलर फिरत होता, दिवे मालवून. दहा वाव, म्हणजे साठ फूट खोलीच्या आत किनाऱ्याकडे ट्रॉलरला बंदी आहे, आणि हा आठ वावांत. सगळी जाळी फाटली. बाबांचा राग तुला माहीत आहे. होडी लावली आणि चढले त्याच्यावर. झटापट झाली, त्यांच्या एका खलाशाचा हात मोडला. ट्रॉलरच्या मालकाने पोलिसात लिहून दिलं की आम्ही बाहेर खोल समुद्रात होतो आणि बाबा वीस माणसं घेऊन मारायला आले. चोराच्या उलट्या बोंबा. होडीत बाबा, प्रितेश आणि पेजेचा डबा एवढेच होते.

आता ट्रॉलर आत होता हे दाखवता आलं नाही तर बाबांवर हल्ल्याची केस उभी राहणार. परवाना जाईल आणि वकील म्हणतात, आतही जावं लागेल. बाबा बासष्ट वर्षांचे आहेत. १० डिसेंबरला तहसील कचेरीत सुनावणी आहे. हाच ट्रॉलर पुन्हा आत आलेला पुराव्यानिशी दाखवलात, तर तुमच्या शब्दाला वजन येईल, असं वकील म्हणाले.

मी भाईंच्या स्टुडिओत पासपोर्टचे आणि बारशाचे फोटो काढते, पण तिथला कॅमेरा रोलचा. डिजिटलमध्ये फोटोच्या पोटातच तारीख-वेळ असते, म्हणून तोच हवा. पैशांचं वाडीने बघितलंय, ती काळजी तू करू नकोस. लांबचं दिसेल अशी मोठी लेन्स हवी.

फोन करू नकोस. वाडीतला एकच फोन वाण्याच्या दुकानात आहे आणि मोबाइलला रेंज फक्त टेकडीवर. तिथून ओरडून बोललं की ट्रॉलरवाल्याच्या एजंटालाही ऐकू जातं. पत्रच लिही, आणि लवकर लिही.

तुझी,
योगिनी

ता. क. तब्येत बरी आहे. हवाही बरी आहे.


मुंबई,
२३ ऑक्टोबर २००७

प्रिय योगिनी,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. दसऱ्याची गर्दी होती, पाय सुजले उभं राहून.

कॅमेरा असा घाईत घेत नाहीत. मी रोज गिऱ्हाइकांना हेच सांगतो. आधी काय काढायचं ते ठरवा, मग लेन्स, आणि बॉडी सगळ्यात शेवटी. माझ्या नजरेत दोन आहेत, एक सहा मेगापिक्सेलचा आणि एक दहाचा. लोक दहा ऐकून भुलतात. मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती ठिपक्यांनी भरलाय, एवढंच. दहा कधी लागतात? फोटोतला एखादा तुकडा कापून मोठा करायचा असेल तर. लग्नातल्या गर्दीतून आजीचा चेहरा कापून भिंतीवर लावायचाय, तेव्हा. तुला ट्रॉलरचा नंबर वाचायचाय, आणि तो हातभर अक्षरांत रंगवलेला असतो. सहा पुरेत.

पण काही गोष्टी कळव. ट्रॉलर किती लांब असेल? फोटो किनाऱ्यावरून काढणार की टेकडीवरून? ट्रायपॉड आहे का? पहाटे धुकं किती वेळ राहतं? दिवाळीनंतर एक नवं मॉडेल यायचंय असं ऐकतो, तोवर थांबलात तर जास्त चांगलं.

आणखी एक, सहज विचारतो. मामा ट्रॉलरवर चढला तेव्हा त्याने कोणाकोणाला पाहिलं? ट्रॉलर चालवणारा तांडेल कोण होता ते कळलं का?

काही झालं तरी फोटो जमिनीवरूनच काढ. होडीतून जायचं मनातही आणू नकोस. ट्रॉलरवरची माणसं कशी असतात तुला ठाऊक नाही.

आईला सांग, मी बरा आहे.

मितेश


मालवण,
३१ ऑक्टोबर २००७

मितेशदादा,

नमनाला घडाभर तेल ओतलंस आणि कॅमेरा कुठेच नाही. दिवाळीनंतरचं मॉडेल दिवाळीनंतरच्या लोकांना वीक. माझ्याकडे चाळीस दिवस उरलेत.

तुझी प्रश्नपत्रिका सोडवते. टेकडीवरून काढीन, ट्रॉलर मैलभर लांब असेल, ट्रायपॉड भाईंचा आहे, धुकं साडेसातला उठतं. झालं?

तांडेलाचं म्हणशील तर बाबांनी पाहिला नाही. केबिनचं दार आतून लावलेलं होतं, आणि एवढी मारामारी झाली तरी तो बाहेर आला नाही. पण बाबा एक गोष्ट पुन्हापुन्हा बोलतात. आत यायच्या वाटेवर पाण्याखाली खडकांची दोन खडपं आहेत, तुला आठवत असतील. त्यांच्यामधून दिवे मालवून ट्रॉलर आणायचा म्हणजे खेळ नव्हे. काल जेवताना हात थांबवून म्हणाले, "भायलो आसतो तर खडपार फुटलो आसतो. ह्येका तळ म्हायत आसा." मग पुढे जेवलेच नाहीत.

ते रोज थोडं थोडं खंगतायत दादा. समुद्रावर जातात, पण कोणाशी बोलत नाहीत. परवा मला विचारलं, तुरुंगात माशे देतत काय गो. मी हसले, आणि मागच्या दारी जाऊन रडले.

हिराआतेला बाबलीदादाने साडी पाठवली, जांभळी. सगळ्या वाडीला दाखवून झाली. मुंबईच्या बर्फाच्या कंपनीत त्याला बढती मिळाली असं ती सांगते. पण दोन गणपती तो आला नाही, त्याचं तिला फार लागलंय. तुला, सख्ख्या भावाला तरी भेटतो का? तिला खरं काय ते कळव. रोज पोस्टमनला विचारते.

कॅमेरा पाठव.

योगिनी


मुंबई,
१२ नोव्हेंबर २००७

प्रिय योगिनी,

कॅमेरा शेजारच्या चारुताकडे दिला आहे. ती सुटीवरून परत कणकवलीला शाळेत शिकवायला जातेय, स्टेशनवर प्रितेशला पाठव. डबा हाताळताना जपा.

सहाचाच घेतला आहे. दहाचा हातात घेतला होता, परत ठेवला. कारण मागे लिहिलंच आहे. मोठी लेन्स तीनशे मिलिमीटरची आहे, टेकडीवरून मैलभरावरचा नंबर घरच्या दाराच्या पाटीसारखा वाचता येईल. डब्यात एक छोटी लेन्सही आहे. ती बॉडीबरोबर येतेच, तुला तिचा उपयोग नाही.

लेन्स बदलताना वारा नको. तारीख-वेळ मी लावून दिली आहे, ती बदलू नकोस. फोटो नंबरावर रोखून काढ. माणसं वगैरे काढत बसू नकोस, माणसं हलतात आणि फोटो वाया जातात.

बाबली बरा आहे. अधूनमधून भेटतो. कामातून सुटी मिळत नाही म्हणून येत नाही, असं आईला सांग. साडीचा रंग त्यानेच निवडला.

मामाला जप.

मितेश


मालवण,
२२ नोव्हेंबर २००७

मितेशदादा,

कॅमेरा देखणा आहे. भाईंनी तो हातात घेतला आणि अर्धा तास दिलाच नाही.

सहा पहाटे टेकडीवर गारठत बसले. १९ तारखेला आला. धुकं उठता उठता दिसला, आणि मी बावीस फोटो काढले. तू म्हणालास तसंच. नंबर स्वच्छ, रंगाचे पोपडे स्वच्छ, दोरीवर वाळत घातलेली बनियन स्वच्छ. माझा आनंद गगनात मावेना. त्याच दिवशी प्रिंट काढून वकिलांना घेऊन कचेरीत गेले.

साहेब सज्जन आहेत. त्यांनी एकेक फोटो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "फोटो उत्तम आहेत. पण ताई, हा समुद्र कुठला? या लेन्सने चार मैलांवरचं जहाजही जवळच दिसतं. ट्रॉलरच्या मागे पाणी, पुढे पाणी. उद्या समोरचा वकील म्हणेल, हा फोटो वीस वावांतला आहे." फोटो टेबलावर पत्त्यांसारखे पसरलेले होते आणि प्रत्येकात नुसतं पाणी.

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, "पाण्याक नाव नसता गो चेडवा. नाव जमनीक आसता. जमनीचो फोटो काढूक होयो."

आणि मग त्यांनी मला ते शिकवलं, जे तुला आणि बाबलीदादाला लहानपणी होडीत बसवून शिकवलं होतं आणि मला मुलगी म्हणून शिकवलं नव्हतं. समुद्रात जागा कशी ओळखायची. देवीच्या देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत बरोबर बसला, की तुम्ही खडपांमधल्या वाटेच्या रेषेत आहात. पण त्या रेषेत नेमके कुठे, हे त्याने कळत नाही. त्यासाठी बाजूला बघायचं. बर्फाच्या कारखान्याच्या टाकीमागे पूर्वी एक एकटा माड दिसायचा. माड पडला, आता तिथे मोबाइलचा टॉवर आहे. टॉवर टाकीच्या डोक्यावर आला की दहा वाव. "एक खूण म्हंजे रेघ. दोन खुणो म्हंजे जागा," बाबा म्हणाले. डावा पाय होडीच्या काठावर, हात नाकासमोर उभा धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि दोन्ही गोष्टी हाताच्या कडेला येतात का बघायचं. हे ते बाहेरच्या कोणाला दाखवत नाहीत. प्रितेशला दाखवलं, आणि तुम्हा दोघा भाच्यांना.

तर आता आम्ही होडी बरोबर दहा वावांच्या जागेवर उभी करणार. ट्रॉलर आत गेलेला असेल, म्हणजे आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये. एका फोटोत पुढे ट्रॉलर आणि मागे खाचेतला कळस. लगेच मान वळवून दुसरा, टाकी आणि टॉवर. आमची जागा ठरली, की तो आमच्याही आत होता हे शेंबडं पोरही सांगेल. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, असा फोटो आणलात तर मी त्या जागेवर माणूस पाठवून खोली मोजून घेतो.

यात तुझी तीनशेची लेन्स कामाची नाही, तिच्यात डोंगर मावत नाही. ती बिनकामाची छोटी लागणार. आपण दोघं शहाणे जमिनीवर बसून समुद्राकडे बघत राहिलो. लेन्स निवडायच्या आधी बाबांना विचारायला हवं होतं.

पौर्णिमा झाली, की भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीचा जोर कमी असताना जाऊ. काळजी करू नकोस.

योगिनी


मुंबई,
२६ नोव्हेंबर २००७

योगिनी,

जाऊ नका.

खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा आत गेला तरी सेन्सर जातो. छोटी लेन्स हेलकाव्यात फोकस पकडत नाही. पहाटेच्या उजेडात सहा मेगापिक्सेलमध्ये काही दिसणार नाही, मी सांगतो ना. आणि ट्रॉलरच्या पुढ्यात होडी उभी करणं म्हणजे वेडेपणा आहे. अंगावर घातला तर?

वकिलांना म्हणावं तारीख मागून घ्या. मी दुसरी काहीतरी लेन्स बघतो. मामाला हे पत्र वाचून दाखव. माझी शपथ आहे.

मितेश


मालवण,
३ डिसेंबर २००७

मितेश,

तुझं पत्र २९ला पोचलं. वाचलं, घडी करून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलं आणि बाबांना दाखवलं नाही. १ तारखेला आम्ही गेलो.

प्रितेश मशीनवर, बाबा पुढे, मी मध्ये. कॅमेऱ्याला दुधाच्या पिशव्या कापून शिवलेलं आवरण घातलं होतं. बाबांनी हात नाकासमोर धरून होडी जागेवर आणली, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि म्हणाले, "हंय." मशीन बंद केलं. थोड्या वेळाने आतल्या बाजूने आवाज आला. तो रात्रीच आत शिरला होता आणि आता वाटेने बाहेर येत होता, सरळ आमच्याकडे.

मी डोळ्याला कॅमेरा लावला आणि लेन्स घरघर करत मागे-पुढे जायला लागली, फोकसच लागेना. तेवढं तू खरं बोलला होतास. मी हाताने फिरवला. पहिला फोटो काढला, वळून टाकी-टॉवरचा काढला, पुन्हा वळले. तोवर तो एवढा जवळ आला होता की खलाशांच्या शिव्या ऐकू येत होत्या. एक जण ओरडत होता, "घाल अंगार, घाल." प्रितेश दोरी ओढतोय आणि मशीन चालू होत नाही. बाबा उभेच होते. मी दाबत राहिले. भीतीने की कशाने, माहीत नाही.

नाळीवर, ट्रॉलरच्या पुढच्या टोकाला, एक माणूस उभा होता. त्याने एकदम हात वर केला, मागे वळून काहीतरी ओरडला, आणि ट्रॉलरने तोंड फिरवलं. आमच्यापासून दोन होड्यांच्या अंतरावरून गेला. लाटेने होडीत घोटाभर पाणी आलं. त्याच्या डाव्या अंगाला खडप होतं, तिकडे वळणं त्यालाही जिवावरचं होतं. तरी वळला.

दुपारी भाईंच्या कॉम्प्युटरवर फोटो उघडले. भाईंनी खुर्ची बाबांना दिली. पहिलाच फोटो असा, की साहेबांना दुसरा बघायला नको. नंबर आहे. कळस खाचेत बसलाय. वेळ सात एकोणपन्नास. आणि नाळीवर तो माणूस, डावा पाय काठावर, हात नाकासमोर उभा, मान किंचित कललेली.

चेहरा दिसत नाही. अर्धा हाताआड आहे आणि मोठा केला की नुसते चौकोन होतात. सहा मेगापिक्सेल ना. पण बाबांनी चेहरा बघितलाच नाही. त्यांनी त्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाबलो." पुढे म्हणाले, "खूण बरोबर धरल्यान हा."

मग कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड काढून खिशात घातलं.

मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. तांडेल कोण होता, सहज विचारतो. माणसं काढू नकोस, माणसं हलतात. दहाचा हातात घेतला होता, परत ठेवला. तू मला सहा पुरेत म्हणालास. कोणासाठी पुरेत, मितेश? मी तुला आमच्या घराची राखण करायला कॅमेरा मागितला आणि तू चोराला अंधार मोजून दिलास.

सुनावणी सात दिवसांवर आहे. वकील रोज फोटो मागतायत. बाबा कार्ड खिशात घालून फिरतात आणि देत नाहीत. दिला तर भाचा जातो. नाही दिला तर ते स्वतः जातात. हिराआते रोज संध्याकाळी त्यांना पेज आणून देते आणि तिला काहीच माहीत नाही.

मला दादा म्हणवत नाही तुला. उत्तर लिहायचं असेल तर खरं लिही, नाहीतर लिहू नकोस.

योगिनी


मुंबई,
६ डिसेंबर २००७

योगिनी,

खरं लिहितो.

नारळी पौर्णिमेला बाबली माझ्या खोलीवर आला. म्हणाला, बर्फाची कंपनी कधीच सोडली, ट्रॉलरवर तांडेल आहे. मी खूश झालो. मग म्हणाला, "आपल्या हंयच येतंय. खडपातली वाट माका एकट्याक म्हायत आसा, म्हणानच ठेवलो माका." मी त्याला शिव्या दिल्या. तो ऐकून घेत होता. म्हणाला, मामाच्या होडीत मी दहा वर्षं होतो, ट्रॉलरवाले येऊन मासा ओरबाडून नेतात आणि आपण रिकामी जाळी झाडतो. कधीतरी नेणाऱ्यांत असावं म्हटलं. मग आईची शपथ घातली की कोणाला सांगायचं नाही.

२ ऑक्टोबरला केबिनमध्ये तोच होता. मामा वर चढला तेव्हा तो दाराला पाठ लावून खाली बसला होता. मामाचा आवाज ऐकत होता. हे त्याने मला फोनवर सांगितलं आणि रडला. मीही रडलो, आणि नंतर तुझं पत्र आलं, कॅमेरा निवड म्हणून.

मी काय करणार होतो? नाही म्हटलं असतं तर तू दुसऱ्याकडून घेतला असतास. म्हणून वेळ काढला. मग वाटलं, नंबर येऊ दे, मालक अडकू दे, चेहरा तेवढा येऊ नये. म्हणून सहाचा. खरं सांगू, सहा आणि दहात एवढा फरक नसतो. गिऱ्हाइकाला मीच ते समजावतो. पण माझ्या हातात तेवढाच फरक होता, तो मी बाबलीला दिला. मामाला काय दिलं, याचा विचार केला नाही. मामाने मला वाढवलं आणि मी त्याच्या तुरुंगाच्या बदल्यात चार ठिपके वाचवत बसलो.

बाबलीला मी काल फोन केला. फोटो काढणारी तूच होतीस हे त्याला कळलंय. "मामा उबो होतो, हाललो नाय," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

फोटो द्या म्हणायची माझी हिंमत नाही, देऊ नका म्हणायचा हक्क नाही. मामाला हे पत्र वाचून दाखव. मागच्या वेळेसारखं पिशवीत ठेवू नकोस. आईला काय सांगायचं ते मला सुचत नाही.

मितेश


मालवण,
१४ डिसेंबर २००७

मितेशदादा,

तुझं पत्र ९ला संध्याकाळी, खास माणसाच्या हाती आलं ते बरं झालं, पोस्टाने उशीर झाला असता. बाबांना वाचून दाखवलं. केबिनमध्ये खाली बसला होता, तिथे त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "माजो आवाज आयकल्यान, तरी भायर इलो नाय. दी वकिलाक."

दहाला कचेरीत गेलो. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. साहेबांनी फोटो पाहिले, नकाशा काढला, पट्टी ठेवली. आदल्या आठवड्यात वकिलांनी दोन्ही खुणा लिहून दिल्या होत्या, त्यावरून कचेरीचा माणूस जागेवर जाऊन खोली मोजून आला होता. साडेनऊ वाव भरली. मला वाटलं, संपलं. पण समोरचा वकील उठला. म्हणाला, ट्रॉलर आत दिसतो हे मान्य, पण त्या दिवशी मशीन बिघडलं होतं, प्रवाहाने आत ओढला गेला. तांडेल परमुलखातला, त्याला या किनाऱ्याची काहीच माहिती नाही, वाट चुकला. २ ऑक्टोबरला तर आत येणं शक्यच नाही.

साहेबांनी बाबांना विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं?

बाबा उठले. कचेरीतलं मराठी बोलायला लागले, "साहेब, फोटोतला हा इसम वाट चुकलेला नाही. तो खूण पाहतो आहे. असा हात..." आणि हात नाकासमोर धरून दाखवला. हात तिथेच राहिला. सगळी कचेरी बघत होती. मग ते कचेरीचं मराठी गळूनच पडलं. म्हणाले, "ह्यो भायलो नाय. माजो भाचो तो. माज्या भयणीचो झील. ही वाट मीच शिकयलंय तेका." आणि खाली बसले.

साहेबांनी नाव विचारलं. बाबांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

ट्रॉलर अडकवलाय. बाबांवरची केस आता उभी राहत नाही, असं वकील पेढा खात म्हणाले. बाबलीदादाच्या नावाने समन्स निघालंय. तुला पत्र पोचेपर्यंत त्यालाही पोचलं असेल. बाबा घरी आले, सदरा काढून खुंटीला लावला आणि जाळं घेऊन बसले. आम्ही जिंकलो दादा, आणि घरात सुतक असल्यासारखं आहे.

हिराआतेला बाबांनी स्वतः जाऊन सांगितलं. मी बाहेर उभी होते. तिने आरडाओरडा केला नाही. दोन दिवस तिच्या घरातून चुलीचा धूर निघाला नाही, आणि पेज काही आली नाही. मला वाटलं, तुटलं हे घर.

काल दुपारी ती स्टुडिओत आली. जांभळी साडी नेसली होती. आजवर ती स्टुडिओची पायरी कधी चढली नव्हती. भाईंकडे न बघता मला म्हणाली, "तो फोटो दाखय." मी कॉम्प्युटरवर लावला. तिला कळस दिसला नाही, खाच दिसली नाही. तिने काचेवर बोट ठेवलं ते थेट नाळीवरच्या माणसावर.

"सुकलो मगे," म्हणाली.

मी म्हटलं, आते, चेहरा दिसत नाही नीट. म्हणाली, "माका दिसता." दोन वर्षांनी बघत होती त्याला. मग म्हणाली, "माका ह्यो फोटो होयो. नंबर काप, ट्रॉलर काप. माजो झील तेवढो ठेय."

मी कापला. मोठा करत गेले तसे चौकोन होत गेले. हात, मान, केसांचा एक पट्टा. तू सांगितलेलंस की तुकडा कापून मोठा करायचा असेल तर दहा लागतात. मी तिला तेही सांगितलं, की दादाने दहाचा घेतला असता तर थोडा बरा आला असता. तिने ओला प्रिंट पदराच्या टोकाने धरला, वारा घातला आणि म्हणाली, पुरे.

आज सकाळी ती बाबांसाठी पेज घेऊन आली.

योगिनी